टेक्ट्रॉनिक्स ४६५ चा स्विच बदलण्याआधी

टेक्ट्रॉनिक्स ४६५ या ऑसिलोस्कोपचा (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) व्होल्ट्स-पर-डिव्हिजन स्विच, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकटीला किती व्होल्ट हे ठरवणारा स्विच, फिरवला की ट्रेस (पडद्यावरची रेषा) नाहीसा होतो, तर तिथे बाजारातला रोटरी स्विच बसवावा का, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते मुळीच बसवू नये. हा कॅम स्विच असून त्याच्या दांड्यावरील उंचवटे सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पट्ट्यांची उघडझाप थेट सर्किट बोर्डावरच्या पॅडवर घडवतात. त्यामुळे बोर्ड हा स्विचचाच भाग ठरतो. बहुतेकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची चिंचोळी पट्टी मिटलेल्या संपर्कातून हलकेच ओढली की दोष जातो. पॉलिश पेपर मात्र कृपया लावू नका, मुलामा एकदा गेला की गेला. स्विचची मुलामा दिलेली पट्टीच तुटली असेल, तर याच मॉडेलचा निकामी स्कोप सुट्या भागांसाठी शोधावा.

जुन्या मल्टिमीटरच्या वेफर स्विचला (चकत्यांवर संपर्क बसवलेल्या रोटरी स्विचला) पर्याय मिळू शकतो, पण दांडा मोजूनच घ्यावा, कारण अमेरिकी उपकरणांच्या बटणांची भोके सहसा ६.३५ मिमीची असतात आणि ६ मिमीच्या दांड्यावर ती बटणे सैल बसतात. शिवाय करंट रेंजसाठी पुढचा संपर्क जुळल्यावरच मागचा सुटणारा प्रकार लागतो, अन्यथा रेंज बदलताना शंट (बहुतेक प्रवाह कॉइलला वळसा घालून नेणारा रोध) क्षणभर तुटून सगळा प्रवाह मीटरच्या नाजूक कॉइलमधून जातो.