रेसिडेंट्सचे मुखवटे, आणि वादकांची नावं

रानवारा:
नाव-चेहरा लपवून वाजवणाऱ्या एका अमेरिकन बँडबद्दल परवा कुणीतरी लिहिलं, "द रेसिडेंट्स म्हणजे बुबुळांचे मुखवटे. मुखवटा काढा, खाली संगीत सापडणार नाही." तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डोळ्याच्या बुबुळासारखे ते मुखवटे आणि टक्सिडो सूट आले १९७९ साली, 'एस्किमो' या अल्बमच्या वेळी. त्याआधी लुइझियानातून कॅलिफोर्नियाला आलेल्या या मंडळींनी १९७२ला स्वतःची राल्फ रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि १९७४ला पहिला अल्बम बाजारात आणला. तेव्हा कुठे होते मुखवटे? नावाचीही हौस नव्हती. त्यांनीच सांगितलेली हकिगत अशी, की वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीला पाठवलेल्या टेपवर नाव घातलं नव्हतं. ती नापसंत होऊन परत आली, तेव्हा पाकिटावर 'रेसिडेंट्स', म्हणजे 'रहिवासी', एवढंच होतं. तेच नाव झालं.

आणि १९८०चा 'कमर्शियल अल्बम'! एकेका मिनिटाची चाळीस गाणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफआरसी रेडिओवर जाहिरातीची वेळ विकत घेऊन त्यांनी ती वाजवली. पॉप गाण्यातली पुनरावृत्ती काढली तर एक मिनिटच उरतं, हे त्यांनी करून दाखवलं. याला संगीत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

खडूस काका:
ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेत नाही. हकिगती छान सांगता, पण सोयीच्या तेवढ्याच. त्यांचा 'नॉट अव्हेलेबल' हा अल्बम कधी आला? ध्वनिमुद्रण १९७४चं. त्यांचं तत्त्व असं, की श्रोत्याचा विचार मनात आला की कला बाटते, म्हणून करणारे स्वतःच तो अल्बम विसरतील तेव्हाच तो बाहेर काढायचा. १९७८ला 'एस्किमो' रखडला आणि कंपनीला विकायला काहीतरी हवं होतं. लगेच निघाला! चार वर्षांत विसरले होय?

रानवारा:
काका, एका अल्बमवरून पन्नास वर्षांचं काम मोडीत काढता? तुम्ही तो ऐकलाय तरी का?

खडूस काका:
तुम्ही शाळेत होता तेव्हा ऐकलाय. दुबईहून मित्रानं कॅसेट आणली होती. दोन्ही बाजू ऐकल्या, मग त्यावर भीमसेन भरले.

सांजवेळ:
मला या बँडचं फारसं माहीत नाही. पण 'नाव नको' याचं एवढं कौतुक वाचून राहवेना.

माझे बाबा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. सकाळी नऊची सिटिंग, रात्री घरी. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. वादक कुठेच नाहीत. रेडिओवर गाणं लागलं की बाबा हात वर करून आम्हाला गप्प करायचे. दुसऱ्या अंतऱ्याआधीचा सोलो पीस संपला की हात खाली. "हा माझा," एवढंच म्हणायचे. आज तेच गाणं मोबाइलवर लावते, तिथेही नाव नाही. ज्याला नाव मिळू शकतं त्यानं ते नाकारलं की ती कला होते. ज्याला विचारलंच नाही त्याचं काय?

तिरपी रेघ:
ताई, पण निनावीपणा आपल्याकडेही जुना आहे. ग्रेस, आरती प्रभू...

सांजवेळ:
आरती प्रभू म्हणजे खानोलकर, हे कुणाला ठाऊक नव्हतं? टोपणनाव हेही नावच असतं. त्या नावानं कवीला मान मिळतो.

रानवारा:
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण तो वेगळा विषय आहे, इथे नको.

सांजवेळ:
वेगळा कसा? तुम्हीच लिहिलंत, "नावाचीही हौस नव्हती." नावाला तुम्ही हौस म्हणालात! बाबांना ती हौस नव्हती, हक्क होता. आणि तुमच्या बँडमध्ये चाली कोण करत होतं ते तरी सांगा.

तिरपी रेघ:
मी सांगतो. हार्डी फॉक्स. १९७६पासून क्रिप्टिक कॉर्पोरेशन या बँडचा कारभार बघणाऱ्या कंपनीच्या वतीनं 'आम्ही फक्त कारभार बघतो' असं सांगणाऱ्यांपैकी एक. मुख्य संगीतकार आपणच होतो हे त्यानं २०१७ला कबूल केलं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तो गेला.

खडूस काका:
म्हणजे चाळीसेक वर्षं स्वतःच्या संगीताचा कारकून! हे त्या बुबुळांपेक्षा मोठं सोंग झालं.

रानवारा:
सोंग म्हणू नका. तो गेल्याची बातमी आली त्या रात्री मी 'एस्किमो' पुन्हा लावला. वाऱ्याचा आवाज सुरू झाला आणि पहिल्यांदा मनात आलं, हे एका माणसानं बसून केलंय. बरं वाटलं. इतकी वर्षं 'नाव कळू नये' म्हणून मीच भांडत होतो, आणि कळल्यावर बरं वाटलं. ताई, 'हौस' हा शब्द चुकला माझा. मात्र मुखवट्याखाली संगीत नाही हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

खडूस काका:
'कमर्शियल'मधली पाच-सहा गाणी काल रात्री ऐकली. एक सकाळपासून डोक्यातून जात नाही. तेवढं मान्य. 'नॉट अव्हेलेबल'बद्दलचं म्हणणं कायम.

तिरपी रेघ:
सांजताई, बाबांचं नाव कुठेच नाही?

सांजवेळ:
घरात जेवढ्या रेकॉर्डी आहेत त्यांच्या कव्हरांवर आहे. मी लिहिलंय, त्या त्या गाण्यासमोर, पेन्सिलनं. पेन घेतलं होतं, तर बाबा म्हणाले, "शाईनं नको, कव्हर खराब होतं."