बेळगावात घर कुठं बघू? दिवसभर सासूबाई घरी एकट्या असणार आहेत

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही सांगली सोडून बेळगावला राहायला येतोय. घर भाड्यानं घ्यायचंय, पण कुठल्या भागात घ्यावं यावर घरात एकमत होईना, म्हणून इथं विचारते.

माणसं चार. मिस्टरांना उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम मिळालंय, सीएनसीवर म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शिफ्ट बदलत्या. मी लॅब टेक्निशियन आहे आणि मला नेहरूनगर भागात रुजू व्हायचंय. मुलगी पाचवीत जाईल, आतापर्यंत मराठी माध्यमात शिकली. चौथ्या म्हणजे सासूबाई. सत्तरी ओलांडलीय, गुडघ्यांनी जिना होत नाही, आणि मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

उद्यमबाग शहराच्या एका टोकाला, नेहरूनगर दुसऱ्या. माझ्या बाजूची माणसं म्हणतात सदाशिवनगर नाहीतर शिवबसवनगर बघा, कामावर चालत जाल. मिस्टरांच्या बाजूची म्हणतात अनगोळ, भाग्यनगर. एजंटनं रामतीर्थनगरच्या एका फ्लॅटचे फोटो पाठवलेत. घर नवं आहे, लिफ्ट आहे, खिडकीत उजेड भरपूर. मिस्टरांना ते पसंत पडलंय.

माझं मन मात्र तिथं लागत नाही. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, मुलगी शाळेत. त्या घरात खरोखर राहणार आहेत त्या सासूबाई. मग आमच्या दोघांच्या कामाची अंतरं मोजून घर ठरवायचं, हे मला पटत नाही. आमचं आताचं घर गावभागात आहे. सकाळी दूध आलं की त्यांचं दार उघडतं ते दिवेलागणीलाच बंद होतं. उंबऱ्यात बसून शेंगा सोलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, शेजारच्या नातवाचं दप्तर सांभाळायचं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही दोघंही कामावर अडकलो होतो. गल्लीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून रात्री जोराचा पाऊस लागला की त्या उठून बसतात. म्हणून नवीन घराला पाण्याची भीती नको, आणि हाकेच्या अंतरावर माणूस हवं, या दोन गोष्टींवर मी अडून बसलेय.

बेळगावातलं मला फक्त स्टेशन, गणपत गल्लीचा बाजार आणि कुंद्याचं दुकान माहीत. तेव्हा इथं राहणाऱ्यांनी सांगावं. तळमजल्याचं घर, शेजार बोलता, देऊळ आणि भाजी पायी जाण्यासारखी, असं कुठं मिळेल? पावसात कुठल्या भागात पाणी भरतं? मुलीला कन्नड अजिबात येत नाही, तिचं शाळेत कसं होईल? दोघांपैकी एकाला लांब पडलं तरी चालेल, ते आम्ही सोसू.

टिळकवाडीकर

ताई, ज्याला घरात सगळ्यात जास्त वेळ काढायचाय त्याच्याकडे बघूनच भाग निवडावा, हे मला पूर्ण पटतं. माझ्या आईला आम्ही हौसेनं नव्या लेआउटमध्ये नेलं होतं. प्रशस्त घर, पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. शेवटी तिच्यासाठीच परत मंगळवार पेठेत आलो.

बेळगाव ढोबळमानानं तीन तऱ्हेचं आहे. जुन्या शहरात आणि शहापूरला गल्ल्या. भिंतीला भिंत, कोण आलं कोण गेलं सगळ्यांना ठाऊक. बाहेरच्या अंगाला नगरं. रुंद रस्ते, फाटकबंद घरं. या दोन्हींच्या मधलं म्हणजे आमची टिळकवाडी. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा आहेत. रस्ते सरळ, चढउतार फार नाही, घरं बरीचशी बैठी किंवा एकमजली, पुढं जास्वंदी-पारिजातकाचं एखादं झाड, बऱ्याच घरांत विहीर. मालक वर नि भाडेकरू खाली, अशी घरं इथं मिळतात आणि तुम्हाला तीच हवीत. मालकीणबाई दिवसभर वरच असतात, हाक मारली की ऐकू जातं. व्हॅक्सिन डेपोतली झाडी जवळ आहे, सकाळी तिथं फिरणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त. दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी मराठी चालतं.

मिस्टरांना तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलावरून उद्यमबाग जवळ. तुम्हाला मात्र गोगटे सर्कल, चन्नम्मा चौक, कोल्हापूर सर्कल असं अख्खं शहर ओलांडावं लागेल. घर बघताना एक लक्षात ठेवा. दुसऱ्या रेल्वे गेटच्या तोंडाशी घेऊ नका. गाडीच्या वेळी गेट पडलं की दोन्हीकडून दुचाक्या खोळंबतात, हॉर्न थांबत नाहीत, आणि गेट उघडलं की सगळे एकदम सुटतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं रस्ता ओलांडणं कठीण. चार घरं आत गेलात की शांत असतं.

शहापूरची लेक

वहिनी, सांगलीची माणसं म्हणताय, तर आमच्या शहापुरात या की! शहापूर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांकडंच होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगलीचं, अशी तऱ्हा होती. अजून शहापूरचा बाजार वेगळाच. सोनार, साड्यांची दुकानं, भांडीवाले, सगळं पायाखाली. सासूबाईंना कट्ट्यावर बसायला जागा मिळतेय आणि बोलायला माणसं. कपिलेश्वराचं देऊळही फार लांब नाही. गल्लीत कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली नाही तरी शेजारीण विचारायला येतेय, बरं वाटत नाही का म्हणून.

पण दोन गोष्टी बघूनच घर घ्या. खासबाग-वडगावकडं सरकलात तर यंत्रमाग असतात. विणकरांची पोटं त्यावर आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण दिवसभर एका लयीत खडखड चालू असतेय आणि भिंतीला भिंत असली की ती जमिनीतून पायाला कळतेय. आम्हाला सवय झालीय. नवीन माणसाला, त्यातून झोप कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला, त्रास होतोय. घर बघायला कामाच्या दिवशी दुपारी जा. माग बंद असताना गेलात तर काही कळणार नाही.

दुसरं पाणी. बळ्ळारी नाला येळ्ळूरच्या बाजूनं शहापूर-वडगावच्या शिवारातून हलग्याकडं जातोय. जोराचा पाऊस लागला की तो फुगतोय आणि कडेची भातशेती पाण्याखाली जातेय. तुम्ही सांगितलेल्या २०१९ च्या ऑगस्टातच इथंही सखल भागांत घरांत पाणी आलं होतं. शिवारालगत नवीन प्लॉट पाडून बांधलेली स्वस्त घरं दाखवतील, त्यांना नाही म्हणा. जुन्या गल्ल्या उंचावर आहेत त्या बघा. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, त्या साली पाणी कुठपर्यंत आलं होतं. एजंट सांगणार नाही, तो सांगेल.

रामतीर्थनगरवासी

नगरांबद्दल थोडं आमच्याही बाजूनं सांगू दे. आमच्याकडे शेजार कन्नड-मराठी मिसळलेला आहे. माझी आई इथं कन्नड न येता आली. आता संध्याकाळी बागेत तिच्या मैत्रिणींत निम्म्या कन्नड बोलणाऱ्या आहेत, त्या हिच्याशी मराठीतच बोलतात. बेळगावात वयस्क कन्नड माणसांनाही मराठी बऱ्यापैकी येतं. भाषेपोटी घाबरून कुठलाही भाग सोडू नका.

तरीही तुमच्या बाबतीत मी रामतीर्थनगर सुचवणार नाही. इथून उद्यमबाग म्हणजे हायवेच्या पलीकडून शहराचं पार दुसरं टोक. तुमचे मिस्टर पावसाळ्यात रात्रपाळी संपवून दुचाकीवरून तेवढं येणार, आणि ते येईपर्यंत घरात कुणाला झोप लागणार नाही. फोटोतल्या उजेडाला भुलू नका.

खानापूर रोड

शाळेचं सांगतो, मी शिक्षक आहे. मुलगी मराठी माध्यमातच ठेवायची असेल तर बेळगावात चांगल्या मराठी शाळा आहेत, मराठी विद्यानिकेतन बघून या. पण माध्यम कुठलंही घेतलं तरी कन्नड सुटत नाही. कर्नाटकात २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण कायदा आहे, २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालाय आणि सीबीएसई शाळांनाही तो आहे. पाचवीतल्या मुलांनी अक्षरं, बाराखडी कधीच मागं टाकलेली असतात. म्हणून मेमध्ये येताय ते उत्तम. इथं शाळा महाराष्ट्राच्या आधी, मे अखेर-जूनच्या सुरुवातीला भरतात. त्याआधी एखाद्या शेजारच्या ताईकडे रोज तासभर बसवा. नुसतं पुस्तक देऊ नका, खेळायला कन्नड मैत्रीण मिळाली तर दिवाळीपर्यंत बोलायला लागेल. आणि हो, मोठी सुट्टी इथं दसऱ्याला असते. सांगलीच्या चुलतभावंडांबरोबर दिवाळी करायची सवय असेल तर मुलीला आधीच सांगून ठेवा.

घर ठरवण्याआधी आणखी काही विचारून घ्या. नळाला पाणी किती दिवसांनी येतं? २००८ मध्ये शहरातल्या १० प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. राकसकोप आणि हिडकल या दोन्ही धरणांकडून पाणी येतं, तरी बाकीच्या भागांत साठवण करावी लागते. एकाच पेठेत दोन गल्ल्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. विहीर असेल तर उपसा चालू आहे का, तेही डोकावून बघा. विजेचा मीटर स्वतंत्र असावा. गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही मिळते, पण मीटरचा आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आपल्या आधारशी जोडावा लागतो. आधीच्या भाडेकरूचं आधार त्यावरून काढलंय का, हे मालकाकडून आधीच पक्कं करून घ्या. आणि तुम्ही आधारवरचा पत्ता लवकर बदला. शक्ती योजनेत जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. टिळकवाडीतून सीबीटीपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडपर्यंत, आणि तिथून पुढं कामावर, तुमचं येणंजाणं त्यात होईल.

टिळकवाडीकर

ओलीचं सांगायचं राहिलं. बेळगावचा पाऊस जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तुम्ही घर एप्रिलमध्ये बघणार, तेव्हा सगळ्या भिंती छान दिसतात. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते थोडं सरकवायला सांगा आणि मागं हात फिरवा. रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर पावसात तिथं बुरशी येणार. फक्त तेवढ्याच भिंतीला नवा रंग दिलेला दिसला तरी समजून घ्या. गच्चीवर पत्र्याची शेड आहे का, तेही बघा. शेड असलेलं घर कमी गळतं आणि वाळत घालायची सोय होते, फक्त सासूबाईंना वर जाता येणार नाही. म्हणून तळमजल्यालाही पडवी हवी. गुडघ्याच्या दुखण्याला ओल वाईट.

धागाकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल रात्री मिस्टरांना आणि सासूबाईंना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. शहापूर सांगली संस्थानात होतं हे ऐकून सासूबाई खुलल्या, त्यांच्या माहेरचे कुणीतरी तिथं सोनारकाम करायचे म्हणे. मागाच्या आवाजाचं ऐकून मात्र म्हणाल्या, दिवसा चालेल, दुपारची झोप मला तशीही नाही. मला ते चालणार नाही. दिवसभर बोलायला हवं तसं निवांत पडायलाही हवं.

रामतीर्थनगर बाद झालं. रात्रपाळीचं वाचल्यावर मिस्टरांनी स्वतःच एजंटला कळवलं.

पुढच्या शनिवारी सासूबाईंना घेऊनच येतोय. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून बघितल्याशिवाय मी कुठंही ॲडव्हान्स देणार नाही. दुपारी टिळकवाडीच्या पेठा, मग शहापूरच्या आतल्या गल्ल्या. शाळा सकाळी बघू. मला लांब पडेल ते पडू दे, बसनं जाईन.

अजून दोन गोष्टी कुणी सांगितल्या तर बरं होईल. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते असं ऐकलंय. कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यांपैकी शहापुरातल्या कुठल्या गल्ल्यांवर रात्रभर आवाज असतो? उत्सव सासूबाईंना आवडतो, पण स्पीकरच्या भिंतीनं त्यांची छाती धडधडते. आणि मंगळवार किंवा गुरुवार पेठेत मालक वर राहतात असं तळमजल्याचं घर मेपासून रिकामं होणार असेल, तर मला निरोप टाका. दोन खोल्या आणि पडवी असली तरी पुरे. संडासाला कमोड नसेल तर आमच्या खर्चानं बसवू, मालकांची हरकत नसावी.

शहापूरची लेक

वहिनी, मिरवणुकीचा मोठा आवाज हमरस्त्यांवर, आतल्या गल्लीत दाराशी आला तरी थोडा वेळ. नाथ पै चौकाच्या अगदी तोंडावरचं घर तेवढं घेऊ नका. शनिवारी आलात की आमच्याकडं चहाला या. आमच्या आत्याबाई तुमच्या सासूबाईंच्याच वयाच्या आहेत, त्याच गल्ल्या फिरवून दाखवतील. कुठल्या घरात पाणी येतंय नि कुठला मालक पावसाआधी कौलं शाकारून घेतोय, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.