विषय: सीएमयूसाठी भाड्याचे घर – परिसराची सुरक्षितता आणि रात्रीचे येणेजाणे

प्रेषक: नवी विद्यार्थिनी, पुणे

मंडळातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या ऑगस्टमध्ये मी कार्नेगी मेलन विद्यापीठात (सीएमयू) पदव्युत्तर शिक्षणासाठी पिट्सबर्गला येत आहे. घराचा करार इथूनच, घर न पाहता करावा लागणार असल्यामुळे आपले मार्गदर्शन हवे आहे. सध्या तीन जागा समोर आहेत. पहिली साउथ ओकलंडमध्ये, एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली असून त्या घरात एकूण पाच विद्यार्थी राहतील. दुसरी स्क्विरल हिलमध्ये, मरे अव्हेन्यूच्या उतारावर फॉरवर्ड अव्हेन्यूच्या अलीकडे, दोघींसाठी. तिसरी सेंटर अव्हेन्यूवर, शेडीसाइड आणि ईस्ट लिबर्टी यांच्या सीमेवर. पहिलीचे भाडे सर्वांत कमी आहे आणि नकाशावर तीच विद्यापीठाला सर्वांत जवळ दिसते.

प्रयोगशाळेतून निघायला मला आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीचे अकरा वाजतील, असे माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले आहे. आई-बाबांना याच वेळेची काळजी वाटते. ‘ईस्ट लिबर्टी चांगला भाग नाही’ असे एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाचले, तर दुसऱ्या गटावर त्याच्या अगदी उलट वाचले. एखादा भाग सुरक्षित आहे की नाही, हे इतक्या दुरून कसे ठरवावे?

आपली नम्र,
एक नवी विद्यार्थिनी

प्रेषक: सभासद, शेडीसाइड

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचून मला माझा २०१७ चा उन्हाळा आठवला. ‘भाग चांगला आहे का’ असे मी त्या वेळी दहा जणांना विचारले होते आणि दहाही जणांनी मनापासून उत्तर दिले होते. तरीही त्या उत्तरांचा मला उपयोग झाला नाही, कारण प्रश्नच अपुरा होता. तुम्ही संपूर्ण भागात राहणार नाही. रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेच्या दारातून निघून घराच्या दाराशी पोहोचेपर्यंतचा जो एकच रस्ता तुमच्या वाट्याला येणार आहे, तेवढाच तपासायचा आहे, आणि तो पुण्यात बसूनही बऱ्याच अंशी तपासता येतो.

साउथ ओकलंडपासून सुरुवात करते, कारण तिथे नकाशा फसवतो. सीएमयू आणि ओकलंडची ती वस्ती यांच्यामध्ये जंक्शन हॉलो नावाची खोल घळ आहे आणि तिच्या तळातून रेल्वेमार्ग जातो. सरळ रेषेत अंतर थोडे दिसते, परंतु घळ ओलांडायला एक तर उत्तरेला फोर्ब्स अव्हेन्यूवरचा पूल आहे किंवा दक्षिणेला शेन्ली पार्ककडचा. तिसरी वाट म्हणजे घळीत उतरून पुन्हा पायऱ्यांनी वर चढायचे, आणि ही वाट रात्री एकटीने घ्यावी असे मी कोणालाही सांगणार नाही. त्यामुळे अंतर मोजताना कोणत्या पुलावरून जाणार हे आधी ठरवा आणि मग मिनिटे मोजा.

या शहरात चढ-उतार हा सुरक्षिततेचाच भाग आहे. पिट्सबर्गमध्ये ७०० हून अधिक सार्वजनिक जिने आहेत आणि नकाशा त्यांतले काही खुशाल रस्ता म्हणून दाखवतो. माझे पहिले घर ग्रीनफिल्डमध्ये होते. बसथांब्यापासून नऊ मिनिटे, असे फोन सांगत असे, आणि त्यातली चार मिनिटे अशाच एका जिन्यावरची होती. जानेवारीतल्या एका रात्री त्या पायऱ्यांवर गोठलेल्या बर्फावरून माझा पाय घसरला, मनगटाचे हाड मोडले आणि अख्खे सत्र एका हाताने टंकलेखन करण्यात गेले. त्या परिसरात मला कोणत्याही माणसाकडून कधी त्रास झाला नाही. मला घातक ठरली ती न झाडलेली, अंधारी, उतरती वाट. म्हणून नकाशावर रस्त्याची छायाचित्रे दाखवणाऱ्या ‘स्ट्रीट व्ह्यू’मध्ये आपला रस्ता पाऊल-पाऊल चालून पाहा, कुठे पदपथ संपतो, कुठे जिना लागतो, कुठे शंभर पावले एकही घर किंवा दुकान नाही, हे लिहून काढा.

आता आकडेवारीविषयी. विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल तुम्ही पाहिला असेलच. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीची तिच्या वसतिगृहातल्या खोलीत हत्या झाली. तिच्या आई-वडिलांनी लढा दिला आणि त्यातून १९९० मध्ये केंद्रीय कायदा झाला. या क्लेरी कायद्यामुळे केंद्रीय आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत हा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि गुन्ह्यांची रोजची नोंदवही कोणालाही पाहण्यास खुली ठेवावी लागते. मात्र अहवालातले आकडे विद्यापीठाचे आवार, त्याच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या इमारती आणि आवाराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते एवढ्यांपुरतेच असतात. मरे अव्हेन्यूवरच्या तुमच्या भाड्याच्या घराविषयी त्यात एक अक्षरही नसते. तेव्हा ‘अहवालात काही नाही, म्हणजे धोका नाही’ असा अर्थ घरासाठी लावू नका. रोजची नोंदवही मात्र सलग दोन महिन्यांची वाचा. कोणत्या वेळी, कोणत्या चौकात, काय घडते, याचा अंदाज तिच्यातून येतो.

शहर पोलिसांच्या नोंदींवरून तयार केलेले नकाशे पाहताना ठिपके मोजू नका, ते वाचा. जिथे दुकाने आणि उपाहारगृहे असतात तिथे दुकानातल्या चोऱ्या नोंदल्या जातात आणि ठिपके दाट होतात. परंतु रात्री चालणाऱ्या मुलीला त्याच रस्त्यावर उजेड आणि माणसे मिळतात. उलट एखादी निवांत गल्ली नकाशावर कोरी दिसते, कारण तिथे कोणी जातच नाही. तुम्हाला शोधायच्या नोंदी दोनच प्रकारच्या आहेत: रस्त्यावर माणसाला अडवून झालेले गुन्हे आणि राहत्या घरात झालेल्या घरफोड्या. त्याही वेळेनुसार पाहा.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, कारण आपल्या मंडळातही ती घडताना मी पाहिली आहे. ‘तो भाग वाईट आहे’ असे आपण ज्या वस्त्यांविषयी सहज म्हणतो, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जुन्या वस्त्या फार वेळा असतात, आणि बोलणारा बहुधा तिथे कधी उतरलेलाही नसतो. असे कोणी म्हटले की ‘कोणत्या रस्त्यावर, केव्हा आणि काय घडले’ असे नम्रपणे विचारा. उत्तर मिळाले तर ते माहिती म्हणून घ्या. न मिळाल्यास तो पूर्वग्रह समजा आणि त्यावर घर निवडू नका. ईस्ट लिबर्टीच्या बाबतीत मी हेच सांगेन.

याची दुसरी बाजूही आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी स्क्विरल हिलमधल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) अकरा जणांची हत्या झाली. मी तेव्हा इथेच होते आणि त्या सकाळचे सायरन मी विसरू शकत नाही. ज्यूंच्या द्वेषापोटी बाहेरून आलेल्या माणसाने केलेला तो हल्ला होता. त्यामुळे घाबरून एखाद्या आईने मुलीला तिथे राहू दिले नाही, तर मी तिला दोष देणार नाही. परंतु रात्री मरे अव्हेन्यूवरून घरी चालत जाण्याविषयी ती घटना काही सांगत नाही, आणि त्यानंतर शेजाऱ्यांनी एकमेकांना जसे धरून ठेवले, ते पाहिल्यावर मला तो भाग अधिकच आपला वाटू लागला.

बसविषयी. सीएमयूच्या ओळखपत्रावर शहराच्या बसमधून वेगळे तिकीट न काढता जाता येते. ६१ए, ६१बी, ६१सी आणि ६१डी या चारही बस विद्यापीठाजवळून फोर्ब्स अव्हेन्यूने स्क्विरल हिलकडे जातात. मात्र मरे अव्हेन्यूच्या चौकात त्यांची फाटाफूट होते, सी आणि डी मरेवर वळतात, ए आणि बी फोर्ब्सने सरळ पुढे जातात. म्हणजे चौकाच्या अलीकडे राहणाऱ्याला चार बस आणि तुमच्या उतारावरच्या घराला दोनच. दिवसा हा फरक जाणवत नाही. रात्री अकरानंतर, विशेषतः रविवारी, तो थंडीत उभे राहण्याच्या मिनिटांत मोजावा लागतो. वेळापत्रकात सकाळचे रकाने पाहू नका, रात्री साडेदहा ते साडेबारा आणि रविवारचे रकाने पाहा. मार्ग आणि फेऱ्या बदलतात, म्हणून जुलैअखेर पुन्हा एकदा पाहा. एक बस चुकली तर दुसरा उपाय काय, हेही आधी ठरवून ठेवा, कारण २८ जानेवारी २०२२ रोजी फोर्ब्स अव्हेन्यूवरचा फर्न हॉलो पूल बससह कोसळला आणि सुदैवाने कोणी दगावले नाही, तरी पुढे डिसेंबरपर्यंत पलीकडच्या रहिवाशांना वळसा घालूनच यावे लागले. विद्यापीठाची रात्रीची एस्कॉर्ट सेवा ठरावीक हद्दीतच सोडते, तेव्हा तुमचा पत्ता तिच्या हद्दीत येतो का, हे करारापूर्वी विचारून घ्या.

शेवटी घराविषयी. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली मला सर्वांत जास्त खटकते, आणि त्याचा परिसराशी संबंध नाही. आग लागली तर तिथून उतरायला दुसरा जिना आहे का? धूरसूचक चालू आहे का? परस्परांशी नाते नसलेल्या तिघांहून अधिक जणांनी एका घरात राहण्यावर या शहराच्या झोनिंग (जागेच्या वापराच्या) नियमांत निर्बंध राहत आला आहे. त्यामुळे पाच जणांच्या घरात काहींची नावे करारावर येत नाहीत, आणि नाव नसलेल्या भाडेकरूला तक्रार करण्याचीही भीती वाटते. तुमचे नाव करारावर असायलाच हवे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार पहिल्या वर्षी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ती, किंवा कापून घेतलेल्या रकमेची यादी, ३० दिवसांत द्यावी लागते. आपल्या माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

आपली,
मंडळाची एक सभासद

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, स्क्विरल हिल

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

वरील पत्रातील जवळजवळ सर्व मुद्दे मला पटतात. केवळ मरेच्या उताराविषयी थोडे वेगळे सांगते. तो उतार आहे खरा, पण त्या रस्त्यावर दुकाने ओळीने असल्यामुळे पदपथावरचा बर्फ लवकर निघतो. आडव्या गल्ल्यांत तशी खात्री नाही. तेव्हा घर मरेवर आहे की गल्लीत, हे आधी विचार.

आणखी एक लक्षात ठेव. जूनमध्ये इथे सूर्य जवळजवळ नऊला मावळतो आणि डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास. घरमालक संध्याकाळी आठ वाजताचे म्हणून जे चित्रीकरण पाठवील, त्यात लख्ख उजेड असेल, आणि त्याचा तुला काही उपयोग नाही. म्हणून येत्या गुरुवारी रात्री अकरा वाजता मी आणि हे दोघे विद्यापीठाच्या थांब्यावरून ६१डी पकडू, तुझ्या थांब्यावर उतरू आणि दारापर्यंत चालत जाऊ. तुझ्याकडे तेव्हा शुक्रवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. आई-बाबांना शेजारी बसवून व्हिडिओ कॉल लाव. शनिवारी सेंटर अव्हेन्यूचे घरही असेच पाहू. तिथे ७१ए किंवा ७१सीने जावे लागेल.

तुझी,
काकू

प्रेषक: नवी विद्यार्थिनी, पुणे

सर्वांस सप्रेम नमस्कार.

काकू आणि काकांनी दोन्ही रात्री स्वतः चालून मला दोन्ही रस्ते दाखवले, त्याबद्दल आम्ही तिघेही आपले मनापासून ऋणी आहोत. साउथ ओकलंडच्या घरमालकांना दुसऱ्या जिन्याविषयी दोनदा विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, म्हणून ती खोली मी सोडून दिली. सेंटर अव्हेन्यूच्या रस्त्यावर पूर्ण उजेड होता आणि बसथांबा दारापासून दोन मिनिटांवर होता. ईस्ट लिबर्टीविषयी जे वाचले होते, त्यातले त्या रस्त्यावर काहीच दिसले नाही. मात्र ते भाडे मला परवडत नाही.

मरे अव्हेन्यूचे घर गल्लीत नसून रस्त्यावरच आहे. थांब्यापासून दारापर्यंत काकूंनी पाच दिवे मोजले आणि त्यातला एक बंद होता. तो शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकावर त्यांनी लगेच कळवला. तळमजल्याच्या मागच्या खिडकीला कडी नाही, हे काकांच्या लक्षात आले. ती बसवून देण्याचे घरमालकांनी ईमेलद्वारे मान्य केले असून ते करारात लिहून घेतल्यावरच मी सही करणार आहे. त्या घरातली दुसरी खोली १ ऑगस्टपासून रिकामी आहे. कोणा विद्यार्थिनीला हवी असल्यास कृपया मला कळवावे. काकूंनी केलेले रात्रीचे चित्रीकरण मी तिला पाठवीन.

आपली नम्र,
एक नवी विद्यार्थिनी