जहाज गेलं, पार्टीचे पैसे आले, तरी कस्टमच्या लेखी माल गेलाच नाही! चूक लाईनची, भुर्दंड आमचा का?

कास्टिंगवाला, शिरोली एमआयडीसी
फेब्रुवारीत न्हावाशेव्यातून पंपाच्या कास्टिंगचा कंटेनर गेला, पार्टीने माल उतरवून घेतला, पेमेंट पण आलं. पण एक्स्पोर्टवर भरलेल्या आयजीएसटीचा रिफंड, ३ लाख ९६ हजार, साडेचार महिने अडकलाय. का, तर जहाज सुटायच्या आधी शिपिंग लाईन कस्टमला मालाची यादी देते ना, ईजीएम, त्यात आमच्या शिपिंग बिलाच्या, म्हणजे आम्ही कस्टमला दिलेल्या निर्यातीच्या कागदाच्या, नंबरातल्या ७ चा १ झालाय. लाईनला फोन केला की "अमेंडमेंट टाकलंय" एवढंच उत्तर. इकडे पगार, पिग आयर्नची उधारी, बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज, काही थांबत नाही बघा. बीएल (माल चढल्याची लाईनची पावती) आणि बँकेत आलेले पैसे दाखवले की रिफंड सुटलाच पाहिजे, छोट्या एक्स्पोर्टरला ही ईजीएमची अटच नको.

सीएचए डेस्क (कस्टमची कामं करणारे एजंट), उरण
साहेब, त्रास खरा आहे पण मागणी चुकीची आहे. लिओ, म्हणजे माल चढवायची कस्टमची परवानगी, मिळाला म्हणजे माल गेला असं नसतं. कट-ऑफ (बंदरात माल द्यायची शेवटची वेळ) चुकतो, जहाजात जागा उरत नाही, कंटेनर शट आउट होतो, म्हणजे बंदरातच राहतो, कधी पार्टीच ऑर्डर रद्द करते आणि लिओ झालेला माल बॅक टू टाऊन करून गेटमधून परत बाहेर काढावा लागतो, हे मी स्वतः केलंय. अशा वेळी शिपिंग बिल आहे, लिओ आहे, जीएसटीचा रिटर्न आहे, फक्त माल देशातच आहे. हे कळणार कशावरून? ईजीएमवरूनच. ती अट काढली की बोगस बिलांवर टॅक्स क्रेडिट उचलून रिफंड काढणाऱ्यांना रान मोकळं, आणि मग तपासणी वाढली की तुमचेच कंटेनर उघडले जाणार.

कास्टिंगवाला
बॅक टू टाऊनचं पटलं. मग अट राहू दे. पण माझा माल परत आला नव्हता ना, आणि नंबर मी टाइप केला नव्हता. लाईनला काय होतं? कस्टम कायद्याच्या कलम ४१ मध्ये यादी वेळेत दिली नाही तर दंड, तोही जास्तीत जास्त ५० हजार.

अकाउंट्स, इचलकरंजी
दादा, खरी मेख पुढे आहे. रिफंडला वेगळा अर्ज नसतो, शिपिंग बिल हाच अर्ज. पण जीएसटीच्या नियम ९६ प्रमाणे तो अर्ज "दाखल झाला" असं धरतात कधी, तर त्या शिपिंग बिलाचा नंबर-तारीख असलेला ईजीएम भरला गेला आणि तुमचा जीएसटीचा ३बी रिटर्न पण भरलेला असला की. ६० दिवसांच्या वर उशीर झाला तर ६ टक्के व्याज आहे, पण ते ६० दिवस मोजायचे अर्जापासून! म्हणजे लाईनने नंबर चुकवला की तुमच्या व्याजाचं घड्याळ सुरूच होत नाही. माझ्या मते भांडायचं असेल तर ह्यावर भांडा, जहाज सुटल्याची तारीख धरा म्हणावं.

कांदावाला, पिंपळगाव बसवंत
मी उरणच्या भाऊंच्या बाजूने, नोंद कडकच पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा माझे ३ कंटेनर रस्त्यात होते. नोटिफिकेशनमध्ये सूट होती, बंदीच्या आधी जो माल कस्टमच्या हद्दीत येऊन सिस्टीममध्ये नोंदला गेला तो जाऊ द्यायचा. १ कंटेनर आदल्या दिवशी गेट इन झालेला, तो गेला. बाकी २ गेटबाहेर रांगेत, त्याच शेतातला त्याच दिवशी भरलेला माल, पण नोंद नाही म्हणून परत फिरवले आणि पडत्या भावात मुंबईला विकले. तोटा झाला, पण निदान तिथे तोंड बघून कुणाला आत घेतलं नाही, नोंदीवरच ठरलं. तीच नोंद कुणी चुकीची भरणार असेल तर भरणाऱ्याला सोडू नका एवढंच म्हणतो.

सीएचए डेस्क
व्याजाचा मुद्दा मला मान्य आहे, तारीख जहाजाची धरावी. पण साहेब, एक विचारतो, तुम्ही कस्टमच्या आईसगेट पोर्टलवर शिपिंग बिलाचं स्टेटस कधी बघितलंत? आम्ही जहाज सुटल्यावर तिसऱ्या दिवशी प्रत्येक बिलासमोर ईजीएम नंबर आला का बघतो, नसेल तर त्याच दिवशी लाईनला मेल. जहाज ताजं असतं तोवर लाईनवाले ऐकतात, दोन महिन्यांनी त्यांचा तो माणूसही बदललेला असतो.

कास्टिंगवाला
५२व्या दिवशी बघितलं, रिफंड का नाही म्हणून. ते माझ्याकडून राहिलं, आता प्रत्येक बिलाला बघणार. पण तिसऱ्या दिवशी बघितलं असतं तरी तो आकडा दुरुस्त करायचा अधिकार माझ्याकडे नाही ना, लाईनच्या मागेच लागावं लागलं असतं. ज्याच्या हातात दुरुस्ती, त्याने उशिराचं व्याज भरावं, ह्यावरून मी हटणार नाही.