रोज वाचन होतं, पण मनन जगण्याला भिडत नाही. काय बदलावं?

पहाटवाचक (प्रश्न)
प्रभूमध्ये सलाम. वर्षभरात बायबल पूर्ण करण्याच्या तक्त्याप्रमाणे वाचतो. अडचणी दोन. लेवीय (बायबलचं तिसरं पुस्तक) सुरू झालं की वाचन रखडतं आणि राहिलेले अध्याय साठत जातात. दुसरी अडचण जास्त सलते. वहीतलं मनन ‘देव विश्वासू आहे, प्रेमाने वागावं’ एवढ्यावरच थांबतं. कामाची जागा, पैसा, दुसऱ्या धर्माच्या मित्रांकडचं जेवण यांविषयी त्यात काहीच उमटत नाही. पद्धत बदलू की वाचनाचा क्रम?

जुनाकरार
आधी गणित बघा. ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० धरले तर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी लेवीय येतं. तोवर कथा वेगाने पुढे जात असते, आणि अचानक सात अध्याय नुसते अर्पणांचे नियम. त्या वेगाने ते वाचले तर काहीच हाती लागत नाही.

लेवीय उघडण्याआधी निर्गम ४०:३५ वाचा: मोशेला दर्शनमंडपात (देवाच्या भेटीच्या तंबूत) जाता येत नाही. लेवीय १:१ मध्ये देव मंडपातून बोलतो, आणि गणना १:१ मध्ये मोशेशी मंडपाच्या आत बोलतो. पवित्र देवाजवळ माणूस राहणार कसा, या प्रश्नाचं उत्तर मधले २७ अध्याय देतात. हे लक्षात ठेवलं की नियमांना दिशा मिळते. सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, इब्री ९ आणि १० सोबत वाचा.

एकोणिसाव्या अध्यायाला मात्र अख्खा आठवडा द्या, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच सुटायला लागतो. शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडणं (वचनं ९-१०), मजुराची मजुरी सकाळपर्यंत न ठेवणं (१३), चहाड्या न करणं (१६), खरी वजनं-मापं (३५-३६). ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा (१८) याच यादीच्या मधोमध आहे. प्रीती इथे हिशेबात आणि व्यवहारात दिसते.

मननवही
माझ्या मते क्रमापेक्षा उताऱ्याची लांबी महत्त्वाची. चार अध्यायांवर मनन होत नाही. वाचन तक्त्याप्रमाणे करा, पण मननासाठी त्यातली ८ ते १२ वचनंच घ्या. दोनदा वाचा, त्यातलं एकदा मोठ्याने.

मग तीन ओळी. पहिलीत उतारा काय म्हणतो तेवढंच: कोण, कोणाला, का. दुसरीत त्यातून देवाविषयी काय कळतं. तिसरीत आजची एकच कृती, माणसाच्या नावासकट आणि वेळेसकट. ‘क्षमा करावी’ असं नको. ‘अमुकला दुपारी फोन करून त्या बोलण्याबद्दल माफी मागणे’ असं लिहा. झोपण्याआधी ती ओळ पुन्हा वाचा आणि घडलं की नाही एवढीच खूण करा. प्रार्थना या तीन ओळींवरूनच करा, वेगळा विषय शोधू नका.

पहिली ओळ गाळून थेट तिसरीवर उडी मारली की मनन गुळगुळीत होतं. यिर्मया २९:११ हे वचन भिंतीवर लागतं, पण ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात ७० वर्षं थांबण्याची गोष्ट आहे, आणि ५ ते ७ मध्ये घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे. हे वगळून उरतं ते फक्त सांत्वन, काम निसटतं.

मंडळीसेवक
जेवणाविषयी १ करिंथ ८ ते १० सलग वाचा, सुटी वचनं नकोत. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल प्रसंग वेगवेगळे करतो. मूर्तिपूजेतला सहभाग: नाही (१०:१४-२२). बाजारातलं मांस: चौकशी न करता खा (१०:२५). अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं: वाढलेलं खा, पण ‘हे मूर्तीला दाखवलेलं आहे’ असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२७-२९).

यावरून वहीत दोन प्रश्न लिहा: इथे मी उपासनेत सामील होतोय का? आणि माझ्यामुळे कोणाचा विवेक दुखावतोय? सरसकट ‘सगळं चालतं’ आणि सरसकट ‘काहीच नको’, दोन्ही उत्तरं पौलाला मान्य नाहीत. दानीएल १ सुद्धा जोडा: खास्दी (बाबेलच्या लोकांची) भाषा आणि विद्या त्याने शिकली, परकं नावही त्याला मिळालं, राजाच्या ताटाला मात्र नकार दिला. तोही आरडाओरडा न करता, दहा दिवसांची परीक्षा मागून.

तुमच्या मंडळीत एखाद्या गोष्टीवर मतभेद असेल तर पाळकांशी बोला, आणि रोम १४ वाचल्याशिवाय दुसऱ्याचा न्याय करू नका.

पहाटवाचक
खूप आभार. साठलेल्या अध्यायांचं काय करू?

मननवही
सोडून द्या आणि आजच्या तारखेपासून वाचा. भरपाई करताना रोज आठ-दहा अध्याय होतात आणि मननच पहिलं बंद पडतं. तक्ता जड वाटत असेल तर नव्या कराराचे २६० अध्याय घ्या: आठवड्यातून पाच दिवस, रोज एक, म्हणजे बरोबर ५२ आठवडे, उरलेले दोन दिवस मोकळे. अगदीच वेळ नसेल त्या दिवशी स्तोत्र ११९ चा एक भाग पुरे. आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत.