खंडेनवमीचा हाफ डे

ऑनलाइन एका चर्चेत एकाने लिहिलंय की ऑफिसातली 'फन फ्रायडे' म्हणजे सक्तीची मजा, त्यापेक्षा वेळेवर घरी सोडा. पटलं. पण सगळ्याच प्रथा एचआरच्या मेलमधून येत नाहीत.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, बारा वर्षं काढली. तिथे खंडेनवमीला सकाळपासून मशीनवर एकही जॉब (घडवायचा तुकडा) लागायचा नाही. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने लेथ पुसायची, तिच्या बेडवरचा धातूचा बुरादा काढायचा, जॉब पकडणाऱ्या तिच्या 'चक'ला झेंडूची माळ. पाटावर मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, नट-बोल्टचे पाने, हातोडी मांडून हळद-कुंकू. नारळ नेहमी सगळ्यात जुन्या फिटरकाकांच्या हातून फुटायचा, मालक बाजूला उभे. मग पेढे, आणि बारा वाजता सुट्टी. बायका-पोरं येत. माझ्या मुलीला 'बाबा कामाला जातो' म्हणजे काय, ते तिथे मिलिंग मशीनसमोर उभं राहून कळलं.

एका वर्षी डिस्पॅच अडकला म्हणून पूजेनंतर मशीन सुरू करायला सांगितलं. कोणी भांडलं नाही, पण काकांनी गपचूप माळ उतरवून खिळ्याला टांगली. ओव्हरटाइमचे पैसे मिळाले, तरी आठवडाभर वर्कशॉपमध्ये कोणी धड बोलत नव्हतं.

आता मी आयटीत आहे. दसऱ्याला 'एथ्निक डे' असतो, फोटो साडेसहाला, आणि कॉल साडेसातला. लॅपटॉपला कुंकू लावतो मी, घरीच. मुलगी हसते.