मोठेपणी आयकिडो सुरू केलेल्यांनो, काय मिळालं? (अनुभव धागा)

जास्वंद_दादर
काल सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी फिजिओथेरपिस्टचं शिबिर होतं. सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "जमिनीवर शेवटचं कधी बसला होतात?" सगळ्याजणी हसल्या, आणि मग एकीलाही आठवेना. खुर्ची, सोफा, पलंग, कमोड, जमिनीशी संबंधच संपलाय. मला एकदम माझा आयकिडोचा, म्हणजे त्या जपानी युद्धकलेचा, वर्ग आठवला. त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू केला, ऑफिसातून थेट दादरला उतरून जायचे. सुरुवातीला बरेच दिवस नुसतं पडायचं आणि उठायचं. घरी विचारलं की सांगायचे, "आज पण पडले." पुढे बदली झाली आणि सुटलं, पण भाजी निवडायला मी अजून खालीच बसते. फायदे सांगणारे लेख पुष्कळ आहेत हो, मला तुमचं ऐकायचंय. मोठेपणी शिकलेल्यांनी लिहा.

शेव_जास्त_घाला
उकेमी, म्हणजे न लागता पडायची कला!!! पट्टा मिळो न मिळो, पडता आलं की पैसे वसूल. मागच्या पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावरून सटकलो. हनुवटी आपोआप छातीला, हात गोल, खांद्यावरून तिरका लोळलो ते दुसऱ्या बाजूच्या कमरेवर आणि थेट उभा. मागून एक आजोबा म्हणाले, "सर्कशीत आहात का?" खरचटलं नाही. डबा मात्र उघडला, वालाची उसळ अख्ख्या जिन्यावर.

मनी_म्याऊ
हसून हसून पुरेवाट. उसळीला उकेमी शिकवा आधी

मुलुंडचा_मुलगा
विटा फोडतात तेच ना हे?

शेव_जास्त_घाला
नाही रे बाबा. इथे काहीच फोडत नाहीत. समोरच्याने मनगट धरलं की काय करायचं, यातच आयुष्य जातं.

सावली
मनगटावरूनच लिहिते. मला कोणी जवळ आलं की अंग आखडायचं. गर्दीत, लिफ्टमध्ये, कुठेही. वर्गात दर पाच मिनिटांनी जोडीदार बदलतो. कॉलेजचा पोरगा, बँकेतले काका, कोणीही येऊन घट्ट मनगट धरणार आणि तुम्ही श्वास सोडून खांदे खाली ठेवायचे. कोणाला त्यात काही वाटत नाही, वाकून नमस्कार करतात आणि पुढच्याकडे जातात. सहा-आठ महिन्यांनी लक्षात आलं की लेडीज डब्यात रेटारेटी झाली तरी मी भांडत नाही, जरा वळते आणि जागा होते. आमचे हे म्हणतात घरी मात्र फरक नाही 😄

तर्कट
रसभंग करतो. खऱ्या मारामारीत याचा काडीचा उपयोग नाही. उके, म्हणजे ज्याच्यावर डाव करतात तो, स्वतःहून पडतो. यूट्यूबवर बघा.

तात्या_बोरिवली
तर्कट, निम्मं बरोबर आहे तुमचं. उके साथ देतो, नाहीतर शिहोनागेमध्ये, म्हणजे हात दुमडून मागे पाडायच्या डावात, कोपर जाईल त्याचं. मारामारी शिकायची असेल तर बॉक्सिंगला जा, मी स्वतः भाच्याला तेच सांगितलं. बहुतेक शाखांत स्पर्धाच नाहीत. तोमिकींच्या शाखेत असतात, पण ते तोमिकी मूळचे ज्यूदोतले, ज्यूदोचे संस्थापक कानो यांच्याकडचे. मला स्पर्धा नाही हेच आवडलं. आयुष्यभर विक्रीचं टार्गेट. इथे पन्नाशीत पांढरा पट्टा बांधून उभा राहिलो, समोर माझ्या मुलीच्या वयाची शिक्षिका, आणि ती म्हणते, "काका, डावा पाय." परत डावा पाय. कोणाला हरवायचं नाही, कोणी हरवणार नाही. आयकिडोचे संस्थापक उएशिबा (१८८३ ते १९६९) ऐंशीच्या पुढेही सराव करायचे. म्हणजे माझी अजून बालवाडी आहे. इक्क्यो हे पहिलं तंत्र, ते अजून सुधारतोय.
बीपीची गोळी चालूच आहे, कोणी चमत्कार सांगितला तर विश्वास ठेवू नका.

विरार_खिडकी
अवांतर : तोक्योच्या मुख्य डोजोत (सरावाच्या जागेत) सकाळी साडेसहाला वर्ग असतो म्हणे, लोक तो करून ऑफिसला जातात. विरारहून जायचं तर मला आदल्या रात्रीच निघावं लागेल.

मनी_म्याऊ
आणि तेव्हाही बसायला मिळणार नाही

गवती_चहा
आदल्या रात्री खिडकी मिळते की!

निशाचर
मी फारसा लिहीत नाही. आई पाच वर्षं स्मृतिभ्रंशाने आजारी होती. मी एकटाच, रात्रपाळी मुद्दाम मागून घेतलेली. शेजारच्या वहिनी आठवड्यातून दोनदा तिच्याजवळ बसायच्या, तेवढ्या वेळात वर्गाला जायचो. फोन पिशवीत, पिशवी बाहेर.

संध्याकाळ झाली की आई माझं मनगट धरायची आणि "मला घरी सोड" म्हणायची. घरातच असायची. आजारी माणसाची पकड फार जबरदस्त असते. आधी मी हात सोडवायला ओढायचो, मग ती अजून घट्ट धरायची, दोघं रडवेले. वर्गात तेनकान शिकवलं. पकडलेला हात ओढायचा नाही, तिथेच राहू द्यायचा, आपण वळून त्याच्या शेजारी जायचं, तो जिकडे बघतोय तिकडे बघायचं. एका संध्याकाळी विचार न करता तसं झालं. हात तिच्याच हातात ठेवून वळलो, तिच्या शेजारी उभा राहिलो, आणि म्हटलं चल, जाऊ घरी. हॉलमधून गॅलरीपर्यंत गेलो, तिथून स्वयंपाकघरात. तिथे ती म्हणाली, "आलं वाटतं." पकड सुटली. पुढे रोज तेच केलं.

तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. वर्ग चालू आहे. मला मिळालं ते एवढं.

जास्वंद_दादर
निशाचर, काय लिहू... ऑफिसात वाचलं, बाहेर जाऊन आले.

सावली
🙏 त्या वहिनींनाही नमस्कार सांगा.

तर्कट
निशाचर, माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण हे वेगळं आहे. माझ्या वडिलांचं आता हेच सुरू झालंय. व्यनि (खाजगी निरोप) करू का?

निशाचर
करा की. दुपारी जागा असतो.

गवती_चहा
आमच्याकडचा फायदा ऐका. लग्नाला वीस वर्षं झाली, नवऱ्याने कधी शर्टाची घडी घातली नाही. हाकामा (वरून घालायची घेरदार जपानी विजार) मिळाल्यापासून रोज रात्री दिवाणावर पसरून पुढच्या पाच निऱ्या, मागच्या दोन, एकेक जुळवत बसतो. नाड्यांची गाठसुद्धा शास्त्रशुद्ध. म्हटलं आता माझ्या साड्या घे. तर म्हणतो, "त्याची पद्धत वेगळी."

मनी_म्याऊ
दंडवत घाला त्यांना 😂 आमच्याकडे पाठवा, इस्त्रीवाला गावाला गेलाय

ठाणेकर_आत्या
माझे गुडघे दुखतात, वय एकसष्ट. जमेल का? ठाण्यात कुठे आहे?

तात्या_बोरिवली
आत्या, आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा. गुडघ्यांवर चालायचा प्रकार असतो, तो तुम्ही सोडून द्या, उभ्याने पुष्कळ करता येतं. आमच्यात एक जण सीझाऐवजी (पाय दुमडून टाचांवर बसण्याऐवजी) मांडी घालतात, कोणी काही बोलत नाही. लोळायचं असेल तर आधी बसून मागे, उभ्याने नंतर. ठाण्याचं कोणी आहे का इथे?

शेव_जास्त_घाला
मी. आत्या, संध्याकाळी फोन करून सांगतो, आत्ता डोंबिवली गाडी लागलीय.

विरार_खिडकी
जुलैत गी (सरावाचा पोशाख) वाळवता कशी ते सांगा कोणीतरी. माझी आज तिसरा दिवस ओली, कपाटापर्यंत वास येतोय.

गवती_चहा
पंख्याखाली हँगरला, आणि मधूनमधून उलटी करा. घाईत गरम पाण्यात बुडवू नका हं, सुती असते, आकसून बाह्या कोपरापर्यंत येतात. आमची आता मुलगा घालतो.